रेसिड्यूचा कागद आहे, पैशाचा नाही: द्राक्षनिर्यात आणि सीमेपलीकडचे नियम

शिवारवाट (धागाकर्ता)

निफाड तालुक्यात आमची सात एकर बाग आहे, सगळी थॉमसन जातीच्या द्राक्षांची. वडिलांनी हयातभर माल बागेतच व्यापाऱ्याला दिला. २०१५ साली मी निर्यातीचा परवाना काढला आणि गावातल्या अकरा जणांचा माल एकत्र करून युरोपला पाठवायला लागलो. इथे निर्यातीच्या संधींवर बरंच लिहिलं जातं. माल पोचल्यावर पुढे काय होतं त्यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

२०१८ चा मार्च. कंटेनर न्हावा शेव्याहून निघाला तेव्हा गोडी १७ ब्रिक्स, मणी १८ मिलिमीटरच्या वर, रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अंशांचा तपासणी अहवाल, स्वच्छ. बाविसाव्या दिवशी रॉटरडॅम. पंचविसाव्या दिवशी आयातदाराचा क्यूसी रिपोर्ट, म्हणजे दर्जा तपासणीचा अहवाल, ईमेलने आला, सोबत चौदा फोटो. पहिल्या फोटोत एक पनेट (द्राक्षांचा छोटा प्लास्टिकचा डबा) उघडलेलं, कोपऱ्यात चार मणी देठापासून सुटलेले आणि त्यांच्याखाली रस जमलेला. मी रात्री ते फोटो मोठे करकरून पाहिले. पनेटवरच्या पट्टीचा डावा कोपरा दुमडलेला होता. चौदाही फोटोंत तोच दुमडलेला कोपरा. एकाच पनेटचे चौदा बाजूंनी काढलेले फोटो, आणि त्यावर तेरा टन मालाचा भाव पाडला.

माल कन्साइनमेंटवर गेला होता, म्हणजे विकला जाईल तसे पैसे. सहा आठवड्यांनी हिशेब आला. जहाजभाडं, हाताळणी, पुन्हा पॅकिंग, तपासणी, कमिशन असं सगळं वजा करून जे उरलं ते आमच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत आले पाहिजेत असा तेव्हा नियम होता. बिलातली रक्कम आणि आलेली रक्कम जुळेना, तेव्हा बँकेने खुलासा मागितला तो माझ्याकडे. अकरा जणांना मी तोंडी भाव सांगितला होता. घरचं सोनं गहाण ठेवून तो पाळला.

त्या दिवसांत एक गोष्ट मनात पक्की बसली. माझ्या द्राक्षात औषधाचे अंश आहेत असं म्हणायची हिंमत तिकडे कोणाची झाली नाही, कारण तो प्रश्न सोडवणारा कागद माझ्याकडे होता. मणी सुटलेत असं म्हणणं मात्र फुकट होतं, कारण ते खोडणारा कागद माझ्याकडे नव्हता. कंटेनर एकच, शेतकरी तोच, समुद्रही तोच. एका बाजूला कोणीतरी व्यवस्था उभी केली होती, दुसऱ्या बाजूला कोणीच काही केलं नव्हतं.

ती पहिली व्यवस्था आपोआप आलेली नाही. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढलं, पणन मंडळाने पाठबळ दिलं. सुरुवातीच्या वर्षांत बरेच कंटेनर तिकडे नापास झाले. प्रीकूलिंग, म्हणजे पाठवण्याआधी माल थंड करणं, कसं करायचं, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद कसा ठेवायचा, हे नुकसान सोसून शिकलेलं आहे. मग २००३ मध्ये नेदरलँड्सच्या तपासणीत आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि सगळा धंदाच बुडायची वेळ आली. त्यातून रेसिड्यू तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये अपेडाचं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाचं, ग्रेपनेट ही संगणकीय नोंदप्रणाली आली. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक. नमुना काढायला प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येतो, शेतकऱ्याने पिशवीत भरून दिलेला चालत नाही. निकाल थेट प्रणालीत चढतो. प्लॉट नापास झाला की त्या प्लॉटचा माल युरोपसाठी पुढे सरकतच नाही. अ‍ॅगमार्क आणि फायटोसॅनिटरी (कीडरोगमुक्तीचं) प्रमाणपत्र त्याच साखळीतून निघतं. रॉटरडॅमच्या गोदामातल्या पेटीवरचा क्रमांक पाहून माझ्या गावातल्या बांधापर्यंत येता येतं.

याचा अर्थ काय, ते आमच्या गल्लीत दिसतं. दोन एकरवाला माणूसही आज युरोपचा पुरवठादार आहे. त्याचं नाव तिकडे कोणी ऐकलेलं नाही, त्याला इंग्रजी येत नाही, त्याच्याकडे ब्रँड नाही. त्याच्या शब्दाची जागा त्या क्रमांकाने घेतली आहे.

मग पैशाच्या बाजूला असा क्रमांक का नाही? तुमचे अनुभव लिहा. आयात करणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

मांजरीवाला

शिवारवाट, फार प्रामाणिक लिहिलंयत. मी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिसरात काही वर्षं काम केलंय, त्यामुळे एक भर घालतो. २००६ नंतर सगळं सुरळीत झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. २०१० विसरू नका.

त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी सापडलं, म्हणजे क्लोरमेक्वॉट क्लोराइड. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला आणि घडनिर्मितीला आपल्याकडे ते सर्रास वापरायचे. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. म्हणजे शेतकरी नियमाने वागला, प्रयोगशाळेने नियमाने तपासलं, कागद खरा होता आणि माल तिकडे अडकला. त्यातून वाईट म्हणजे हे द्रव्य वेलीच्या लाकडात साठून राहतं. एप्रिलमध्ये मारलेलं औषध पुढच्या मार्चच्या मण्यात उतरतं. वापर थांबवला तरी पुढच्या हंगामाची धाकधूक उरतेच.

मी तेव्हा तरुण होतो. एक बागाईतदार प्रयोगशाळेच्या दारात आले होते, पासष्टीचे असतील. हातात घडीची वही, त्यात फवारणीच्या सगळ्या तारखा, औषधं, प्रमाण, टाकीगणिक. ते एवढंच विचारत होते, "यातलं काय चुकलं तेवढं दाखवा." त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

त्यानंतर यादी वाढत गेली आणि दरवर्षी सुधारली जाते. माझं म्हणणं, व्यवस्था एकदा उभारून भागत नाही. समोरच्या देशाने नियम बदलला की आपला कागद त्या दिवशी जुना होतो.

रोखठोक_तासगाव

माझं मत वेगळं आहे. आमचा बेदाणा आणि थोडा ताजा माल, बरीच वर्षं बांगलादेश आणि आखातात देतोय. सरकारी कागदाने धंदा होत नाही, गिऱ्हाइकाने होतो. दर्जा असला की माणूस परत येतो. ज्याने एकदा फसवलं त्याला माल देऊ नका, विषय संपला. कन्साइनमेंटवर माल दिलात ही तुमची चूक. मी रोखीशिवाय गाडी हलवत नाही.

शिवारवाट

दादा, तुमच्या गिऱ्हाइकाचा माणूस तासगावच्या मार्केटमध्ये येऊन बसतो, माल डोळ्यांनी पाहतो, सौद्यात बोली लावतो. माझा गिऱ्हाईक जवळपास सात हजार किलोमीटरवर आहे आणि माल त्याच्यापुढे पोचतो तेव्हा तो तीन आठवडे जुना असतो. परत आणायचा म्हटला तरी आणता येत नाही. बंदरावर उभ्या कंटेनरचं भाडं रोज चढतं. अशा वेळी "नको असेल तर परत कर" म्हणायची ताकद माझ्यात कुठून येणार? गिऱ्हाईक बदलायचा सल्ला मीही पाळला, पण पुढच्यालाही ठाऊक असतं की माल परत जाणार नाही.

वेस्टलंडची_मुग्धा

मी रॉटरडॅमजवळ बारेन्द्रेख्तला फळांच्या आयात कंपनीत हिशेबाचं काम करते. माहेर पिंपळगाव बसवंत, त्यामुळे हा धागा दोन्ही डोळ्यांनी वाचला. थोडं लांब लिहिते, माफ करा.

इथे फळं दोन वाटांनी जातात. एक सुपरमार्केटचा ठरलेला कार्यक्रम: आठवड्याला इतके पॅलेट, इतका भाव, आधीच ठरलेलं. दुसरी खुली बाजारपेठ, तिथे त्या दिवशीचा भाव. कार्यक्रमातली जागा मोठ्या पुरवठादारांना मिळते, कारण एका आठवड्यात माल कमी पडला तर शेल्फ रिकामा राहतो आणि सुपरमार्केट आयातदाराला दंड लावतं. छोट्या निर्यातदाराचा माल बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेला लागतो. ईस्टरच्या आधी आला तर बरा भाव, नंतर आला आणि सोबत चिलीचा, दक्षिण आफ्रिकेचा माल असला तर भाव कोसळतो. भाव कोसळला की आयातदार तोटा कुठेतरी टाकायला बघतो, आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे दर्जाची तक्रार. सगळे असं करत नाहीत. माझ्या कंपनीत गेली काही वर्षं प्रत्येक तक्रारीला त्रयस्थ सर्व्हेअरचा अहवाल लागतोच. पण तो अहवाल मागायचा असतो, हे पाठवणाऱ्याला माहीत असावं लागतं.

आता मुद्द्याचं. २०१९ मध्ये युरोपियन युनियनने शेतमालाच्या व्यापारातल्या अन्यायकारक प्रथांविरुद्ध एक निर्देश काढला. नेदरलँड्समध्ये त्यावरून झालेला कायदा २०२१ पासून लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी एसीएम ही इथली ग्राहक व स्पर्धा नियामक संस्था करते. त्यात लिहिलंय की नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांत द्यायचे. विक्रेता तोंडी ठरलेल्या अटी लेखी मागू शकतो, आणि मागितल्यावर खरेदीदाराला त्या द्याव्या लागतात. खरेदीदाराच्या ताब्यात गेल्यावर माल खराब झाला आणि त्यात विक्रेत्याची चूक नसली तर त्याचा भुर्दंड विक्रेत्यावर टाकता येत नाही. शिवारवाट, शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

आणि हा कायदा फक्त युरोपच्या शेतकऱ्यांसाठी नाही. विक्रेता किंवा खरेदीदार यांपैकी एक जण युनियनमध्ये असला तरी तो लागू होतो. म्हणजे निफाडचा विक्रेता आणि रॉटरडॅमचा खरेदीदार हे त्यात बसतात. अट उलाढालीची आहे: छोट्याने मोठ्याला विकलं तर संरक्षण. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाख युरोपर्यंत आहे त्याने त्याहून मोठ्या खरेदीदाराला विकलं की तो पहिल्याच पायरीवर बसतो. तक्रार करताना नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते. उत्पादकांची संघटना आपल्या सभासदाच्या वतीने तक्रार करू शकते.

यातली मोठी फट पण सांगते, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कायदा "विक्री"चा आहे. कन्साइनमेंटमध्ये आयातदार स्वतः माल विकत घेत नाही, तो तुमच्या वतीने विकतो. मग तो म्हणू शकतो की मी खरेदीदारच नाही. म्हणून थोडा कमी असला तरी ठरलेला भाव घ्या, निदान यापेक्षा कमी मिळणार नाही असा भाव आयातदाराकडून लेखी घ्या. ज्या दिवशी कागदावर भाव येतो त्या दिवशी तुमच्या पाठीशी एक देश उभा राहतो.

माझ्या इतक्या वर्षांत भारतातून अशी तक्रार आल्याचं मी माझ्या टेबलावर तरी पाहिलं नाही. दुःख याचं वाटतं की दार उघडं आहे आणि आपल्याकडे कोणाला ते दार आहे हेच माहीत नाही.

कांदेनवमी

मुग्धाताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. गटात पाठवतोय.

सीए_सुखदा

निर्यातदारांचं बँकेचं आणि परकीय चलनाचं काम करते, म्हणून त्या अंगाने.

शिवारवाटांना बँकेने जे विचारलं ते प्रत्येकाला विचारलं जातं. प्रत्येक शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत उघडं राहतं आणि पैसे आल्याशिवाय बंद होत नाही. कमी पैसे आले तर कमी का आले याचे पुरावे द्यायचे आणि बँकेकडून बिलाची रक्कम कमी करून घ्यायची. हे वेळेत न करणाऱ्यांची पुढची निर्यात अडते. ज्याचं नुकसान झालं त्यालाच कागद रंगवावे लागतात, हे मलाही पटत नाही, पण नियम चलन देशाबाहेर राहू नये म्हणून केलेला आहे. तो विक्रेत्याच्या वसुलीसाठी केलेला नाही आणि त्याच्याकडून ते होणारही नाही.

विम्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ईसीजीसी ही निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी कंपनी १९५७ पासून आहे, सरकारी आहे, खरेदीदार दिवाळखोर झाला किंवा पैसे बुडवले तर ती भरपाई देते. पण खरेदीदाराने दर्जाचा वाद उपस्थित केला की दावा थांबतो. तो वाद निर्यातदाराने खरेदीदाराच्या देशातल्या न्यायालयात जिंकून हुकूमनामा आणला तरच पुढे. तेरा टन द्राक्षांसाठी नेदरलँड्समध्ये वकील कोण लावणार? म्हणून तिकडचा लबाड माणूस "पैसे देत नाही" असं कधीच म्हणत नाही. तो "माल खराब निघाला" म्हणतो.

करारात लवादाचं कलम टाका. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे भारत आणि नेदरलँड्स दोघेही सदस्य आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा तिकडे अंमलात आणता येतो. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या व्हिएन्ना करारात भारत अजून नाही, नेदरलँड्स आहे, त्यामुळे कोणत्या देशाचा कायदा लागू हे लिहिल्याशिवाय सही करू नका. माझ्याकडे येणाऱ्या द्राक्षवाल्यांपैकी बहुतेकांकडे करार नावाची गोष्टच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, लोड करा" एवढंच असतं.

अंजनवेल

मी दिंडोरी तालुक्यातली. सगळे सीमेपलीकडचं बोलताय, मी उंबऱ्याच्या आतलं सांगते.

ग्रेपनेटची नोंदणी सातबाऱ्यावर होते. आमच्या बागेचा सातबारा सासऱ्यांच्या आणि दोन दिरांच्या नावावर आहे. छाटणीपासून विरळणीपर्यंत, जीएच्या डिपिंगपासून (मणी फुगायला घड संजीवकात बुडवणं) पेटी भरेपर्यंत गेली चौदा वर्षं मी बघते. मजूर मी लावते, फवारणीची वही मी लिहिते, प्रयोगशाळेचा माणूस आला की नमुना काढायला त्याच्याबरोबर रांगेरांगेने मी फिरते. सहीला मात्र दिरांना नाशिकहून बोलवावं लागतं. स्वतःच्या नावाने माल पाठवायचा म्हटलं तर माझ्याकडे बागच नाही. भाडेपट्ट्याने बाग करणाऱ्यांचीही तीच अडचण, कारण मालक लेखी करार करून द्यायला घाबरतो.

लक्ष्मीमुक्तीची चळवळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केली तेव्हा आमच्या भागात काही बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. माझ्या सासूबाई ती आठवण अजून सांगतात. आमच्या घरात ती आली नाही. युरोपला विश्वास वाटेल असा क्रमांक मिळायच्या आधी तलाठ्याच्या दप्तरात नाव लागतं, आणि ते नाव मिळवणं रॉटरडॅमपेक्षा लांबचं आहे.

मांजरीवाला

अंजनवेल, हे आम्ही प्रयोगशाळेत बसून कधीच पाहिलं नव्हतं. नमुन्याच्या फॉर्मवर "बागमालक" असा रकाना असायचा. बाग सांभाळणाऱ्याचा रकाना नव्हता.

दक्षिणवारा

अर्थशास्त्र शिकवतो. आपल्याकडे संस्था म्हटलं की पतसंस्था, शिक्षणसंस्था, पाटी आणि अध्यक्ष डोळ्यांसमोर येतात. डग्लस नॉर्थ यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं त्या कामात संस्था म्हणजे खेळाचे नियम, लिहिलेले आणि न लिहिलेलेही. शिवारवाटांचा दुमडलेला कोपरा, सुखदाताईंचा ईसीजीसीचा नियम आणि अंजनवेलताईंचा सातबारा या तिन्ही त्या अर्थाने संस्थाच आहेत.

दोन परदेशी उदाहरणं, दोन्ही फळांचीच.

मार्च १९८९. फिलाडेल्फिया बंदरात अमेरिकी तपासनिसांना चिलीच्या द्राक्षांचे दोन मणी संशयास्पद दिसले, त्यात सायनाइड सापडल्याचं जाहीर झालं. दोन मणी. अमेरिकेने चिलीची सगळी फळं अडवली, दुकानांतून काढायला लावली. हंगाम ऐन भरात होता. चिलीत बागा, पॅकहाऊस, बंदर सगळं ठप्प झालं, हजारो मजूर रस्त्यावर आले. नंतर चिलीच्या बागाईतदारांनी आणि तिकडच्या आयातदारांनी अमेरिकी सरकारवर भरपाईचे दावे लावले, ते तिथल्या न्यायालयात टिकले नाहीत. दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाचा जाब बाहेरच्या शेतकऱ्याला विचारता येत नाही, हे चिली तेव्हा शिकलं. तरी तो देश पुन्हा उभा राहिला, कारण त्याच्याकडे निर्यातदारांची एकमुखी संघटना होती आणि एसएजी ही सरकारी पीकसंरक्षण यंत्रणा होती, जिच्या शिक्क्यावर बाहेरचे विश्वास ठेवत. २००३ पासून युरोपबरोबरचा व्यापार करारही लागू झाला. आज चिलीचं, पेरूचं, दक्षिण आफ्रिकेचं द्राक्ष युरोपात शुल्काविना उतरतं. आपल्यावर त्याच हंगामात आठ टक्के शुल्क लागत आलंय. बागेतला माणूस कितीही राबला तरी हे आठ टक्के त्याच्या हातात नसतात.

दुसरं उदाहरण शिवारवाटांच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. पैशाच्या बाजूचा क्रमांक जगात निदान एका ठिकाणी आहे. अमेरिकेत १९३० सालापासून नाशवंत शेतमालाचा कायदा आहे, त्याला पाका म्हणतात. ताज्या फळभाज्यांचा घाऊक व्यापार करायचा तर परवाना लागतो. वेगळं काही लेखी ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून दहा दिवसांत पैसे. दिले नाहीत तर परवाना जातो, आणि परवाना गेला की धंदा बंद. १९८४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: खरेदीदार दिवाळखोर झाला तर त्या फळांचे आणि त्यातून आलेले पैसे विक्रेत्याच्या नावाने विश्वस्त म्हणून राखलेले समजले जातात, बँकेचा हात त्यावर पडायच्या आधी शेतमाल विकणाऱ्याचा पडतो.

परदेशी विक्रेताही तिथे तक्रार करू शकतो, फक्त औपचारिक दाव्यासाठी त्याला हमी ठेवावी लागते. कॅनडाच्या विक्रेत्यांना यातून सूट होती. २०१४ मध्ये अमेरिकेने ती काढून घेतली, कारण दिवाळखोरीत अमेरिकी विक्रेत्याला कॅनडात तसंच संरक्षण मिळत नव्हतं. म्हणजे असा हक्क दोन देश एकमेकांना देतात. आपण आपल्याकडे येणाऱ्या वॉशिंग्टनच्या सफरचंदवाल्याला किंवा चिलीच्या चेरीवाल्याला काय संरक्षण देतो, हा प्रश्न उद्या वाटाघाटीच्या टेबलावर येणारच.

रोखठोक_तासगाव

वरचं सगळं वाचलं. दोन दिवस विचार केला आणि परत लिहितोय.

मी रोखीचं बोललो ते खरं, पण बांगलादेशाने फळांवरचं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा माझी रोख मला वाचवू शकली नाही. गिऱ्हाईक तोच, माझ्यावर जीव टाकणारा, फोनवर म्हणाला, "भाई, माल छान आहे, शुल्क भरून माझ्याकडे विकला जात नाही." पंचवीस वर्षांचा संबंध एका सरकारी परिपत्रकापुढे हलका पडला. गिऱ्हाइकाने धंदा होतो हे मी अर्धंच बोललो.

आणि देशातही काय वेगळं आहे? व्यापारी माल उचलून पळतात, धनादेश वटत नाहीत, हे नाशिक-सांगलीत दरसालचं. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीम काढली, गुन्हे दाखल झाले, शेतकऱ्यांचे बुडालेले पैसे परत आले. आमच्या पाहुण्यांचे आले. मी तेव्हा फार खूश होतो. साहेब बदलून गेल्यावर पाहुण्यांचे पुढच्या हंगामाचे पैसे पुन्हा बुडाले. दक्षिणवारांनी लिहिलेला तो परवान्याचा कायदा वाचला आणि फरक कळला. तिथे साहेब बदलले तरी परवाना जातोच.

शिवारवाट, कन्साइनमेंट ही तुमची चूक असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतो.

लासलगावहून

एक छोटी भर. दोन देशांनी मिळून व्यवस्था उभारली तर काय होतं ते आमच्या गावात बघायला मिळतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र मुळात कांद्यासाठी होतं. २००७ मध्ये अमेरिकेने आपला आंबा घ्यायला मान्यता दिली ती विकिरणाच्या अटीवर, आणि हापूसच्या पेट्या कोकणातून घाट चढून आमच्याकडे यायला लागल्या. तपासणीला अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणूस इथे येऊन बसायचा. त्यामुळे आंबा नाकारायचा असेल तर इथेच नाकारला जायचा, माल अजून आपल्या हातात असताना. द्राक्षाचा दर्जा न्हावा शेव्यालाच दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून का पाहू नये?

वेस्टलंडची_मुग्धा

लासलगावहून, द्राक्षात अडचण अशी की निघताना चांगला असलेला माल वाटेत बिघडू शकतो. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, दहा ते पंधरा दिवस जास्त. देठ तपकिरी पडतात. म्हणून कंटेनरमधल्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची नोंद स्वतःकडे ठेवा. बिघाड जहाजावर झाला की गोदामात, हे त्यावरूनच कळतं. पण तुमची कल्पना सोडू नका. निघतानाचा संयुक्त अहवाल असला तर वाद निदान तीन आठवड्यांपुरता उरतो, अख्ख्या हंगामाचा राहत नाही.

शिवारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री अकरा जणांपैकी आठ जण आमच्या ओट्यावर बसले होते. मुग्धाताईंचा आणि सुखदाताईंचा प्रतिसाद मी मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवला. "दार उघडं आहे" या वाक्यावर कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

पुढच्या हंगामासाठी ठरलंय ते असं. कन्साइनमेंट बंद. भाव कमी मिळाला तरी लेखी. तक्रार आली तर ४८ तासांत त्रयस्थ सर्व्हेअर, त्याचा खर्च आम्ही आधीच बाजूला काढून ठेवणार, किलोमागे थोडे पैसे प्रत्येकाने. तापमानाची नोंद आमच्याकडे. आणि गट म्हणून उत्पादक कंपनी नोंदवायची. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ती तरतूद आली, आणि त्याच वाटेने मोहाडीला विलास शिंदे यांच्या सह्याद्री या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने केवढं उभं केलंय ते आम्ही जवळून पाहतो. तक्रार एकट्या माझ्या नावाने गेली तर पुढच्या वर्षी माझा माल कोण घेणार ही भीती खरी आहे. कंपनीच्या नावाने गेली तर ती अकरा जणांत वाटली जाईल.

अंजनवेलताई, तुमचं वाचून आईने विचारलं, "आपल्या सातबाऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे?" मी उतारा काढून पाहिला. वडिलांचं आणि माझं आहे. तलाठ्याकडे सोमवारी जातोय, आईला आणि बायकोला बरोबर घेऊन.

मुग्धाताई, एसीएमचा तक्रारीचा अर्ज मराठीत समजावून द्याल का? २०१८ चं प्रकरण आता त्यात बसत नाही हे मला कळतंय. पुढच्या मार्चसाठी हवाय.

वेस्टलंडची_मुग्धा

देते. शनिवारी सुट्टी आहे, रकान्यागणिक लिहून इथेच टाकते. आणि त्या चौदा फोटोंची मूळ फाइल जपून ठेवली असेल तर मला पाठवा. इथल्या नव्या मुलींना तपासणी शिकवताना दाखवेन.